पॉपकॉर्नचा दर ठरवणाऱ्या महाशयांस



तुमचं नाव मला ठाऊक नाही. दारावर पिशव्या तपासणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "वरनं ऑर्डर हाय, ताई." काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, "रेट सिस्टीमलाच फीड केलेत, मॅडम." टाय लावलेल्या व्यवस्थापकाला विचारलं, त्यानं हेड ऑफिसचं नाव सांगून हात वर केले. म्हणजे तुम्ही कोल्हापुरात राहत नाही. पण इथल्या माणसानं मध्यंतरात काय खावं, किती रुपयांना खावं आणि घरून काय आणू नये, हे सगळं तुम्ही ठरवता. म्हणून पत्र तुम्हाला. थिएटरचं नाव लिहीत नाही, कारण हा कारभार एका थिएटरपुरता नाही आणि तुम्हीही एकटे नाही. ज्याला हे पत्र लागू पडेल त्यानं ते आपलं समजून वाचावं.

तुमचा अपराध आधी सांगते. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. आईला मराठी सिनेमा बघायचा होता. तिनं हातपिशवीत जोंधळ्याच्या लाह्यांची एक लहानशी पुडी टाकली होती. तिला साखरेचा त्रास आहे, तीन तास उपाशी बसवत नाही. तुमच्या पोरानं पिशवीत हात घालून पुडी बाहेर काढली आणि कोपऱ्यातल्या निळ्या टबात टाकली. त्या टबात कुणाची बिस्किटं होती, कुणाची चिक्की, कुणा लेकराचा केळ्याचा घड. आई त्याला म्हणाली, "आरं बाळा, नागोबाच्या लाह्या हायत त्या, तिथं टाकू नको." पोरगा ओशाळला. त्याचा दोष नाही, बारा तास उभं राहून तो तुमचा नियम राबवतो. आम्ही आत गेलो. समोरच काचेच्या पेटीत पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या लाह्यांचा ढीग उसळत होता आणि वर पाटी होती: लहान २९०, मध्यम ३५०, मोठा ३८०. आईनं तो ढीग नीट न्याहाळला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "ह्या मक्याच्या लाह्याच न्हवं?" मुलगी म्हणाली, "हो, आजी." आईनं पुढं विचारलं, "मग माझ्या का काढून घेतल्या?"

मुलीकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असायला हवं. तोच प्रश्न मी इथं मांडते आहे आणि तुम्ही पळवाट काढू नये म्हणून त्या वस्तूची सगळी कुंडलीही मांडते. ज्या पदार्थावर तुमची कमाई चालते तो पदार्थ काय आहे, कुठून आला, थिएटरात कसा शिरला, हे तुम्हाला माहीत असतं तर तो निळा टब तुम्ही दारात ठेवला नसता.

लाही फुटते कशी, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून लाह्या आधीच फोडून ठेवतात. जोंधळ्यावर गरम पाणी मारायचं, दाणे फडक्यात बांधून रात्रभर मुरू द्यायचे. मग लोखंडी कढई चांगली तापवून मूठ-मूठ दाणे टाकायचे आणि फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहायचं. कढई कमी तापली तर दाणे नुसते करपतात, पाणी कमी मुरलं तर न फुटलेले गणंग फार राहतात. शास्त्र हेच सांगतं, फक्त आकड्यांत. मक्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असावा लागतो. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण बाहेरचं टरफल कठीण असल्यामुळे ती कोंडते. आतला पिठूळ गर त्या वाफेत शिजून मऊ होतो. साधारण १८० अंश सेल्सिअसला आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो, टरफल फाटतं, गर फेसासारखा फुगतो आणि हवा लागताच थिजतो. दाण्याचं आकारमान चाळीस पटीपर्यंत वाढतं. सगळा मका असा फुटत नाही. रंकाळा तळ्यावर भाजून मिळतं त्या कणसाचे दाणे कढईत टाकले तर ते नुसते भाजतात. लाहीचा मका वेगळा, कठीण टरफलाचा, बारीक दाण्याचा. जोंधळ्यातही तसंच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं खास लाह्यांसाठी जोंधळ्याचं एक वाण काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'फुले पंचमी'. आईच्या पुडीत होती ती वस्तू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मेहनत घेऊन सांभाळण्याइतकी मोलाची आहे, हे तुमच्या नियमावलीच्या लेखकाला कळायला हवं होतं.

आता नावाकडे येते, कारण तुमचा सगळा रुबाब त्या नावावर आहे. 'पॉप' म्हणजे दाणा फुटतानाचा आवाज. एमॅन्युएल विरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक लावून दाखवून दिलं, की तो आवाज टरफल फाटल्याचाही नाही आणि दाणा भांड्यावर आपटल्याचाही नाही. कोंडलेली वाफ एकदम सुटते, तिचा तो आवाज. आणि 'कॉर्न' म्हणजे मूळ इंग्रजीत कोणतंही धान्य. इंग्लंडात त्या शब्दानं गहू समजत, स्कॉटलंडात ओट. अमेरिकेत गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना तिथल्या मूळ रहिवाशांचा मका दिसला तेव्हा त्यांनी त्याला 'इंडियन कॉर्न' म्हटलं, आणि पुढं 'इंडियन' गळून नुसतं 'कॉर्न' उरलं. जॉन रसेल बार्टलेट यांनी १८४८ साली अमेरिकी बोलीचा कोश छापला, त्यात 'पॉप-कॉर्न' आवाजावरून पडलेलं नाव म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे अर्थ सरळ आहे: आवाज करून फुटलेलं धान्य. त्या अर्थानं आईच्या पुडीत पॉपकॉर्नच होतं. आमच्याकडे त्याला लाही म्हणतात, संस्कृतातल्या 'लाजा'वरून आलेला शब्द. लग्नात नवरी भावाच्या मदतीनं होमात लाह्या सोडते तो लाजाहोम. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर साळीच्या लाह्या लागतात. निपाणी-चिकोडीकडे कानडी घरांत यालाच अरळु म्हणतात आणि नागपंचमीला तिथंही जोंधळ्याचेच अरळु फुटतात. आजारी माणसाला साळीच्या लाह्यांचं पाणी देतात, उन्हाळ्यात लाह्यांचं पीठ ताकात कालवून खातात. इतक्या घरांत इतकी वर्षं चाललेल्या अन्नाला तुमच्या दारावर 'बाहेरचं खाणं' हे एकच नाव मिळालं.

मक्याशी माझं भांडण नाही, हे स्पष्ट करते. मका मेक्सिकोत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसानं रानगवतातून घडवला. पेरूच्या किनाऱ्यावर पारेदोनेस आणि वाका प्रिएता इथल्या उत्खननांत सुमारे ६७०० वर्षांपूर्वीची कणसं सापडली आणि तिथले लोक मक्याच्या लाह्या खात होते हे त्यावरून कळलं. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या मागोमाग आला. जोंधळाही मूळचा आफ्रिकेतला, फक्त आला कितीतरी आधी. दोघेही पाहुणे आणि दोघांनीही आमची पोटं भरली. पावसात रंकाळ्यावर उभं राहून लिंबू-तिखट लावलेलं कणीस ज्यानं खाल्लं, तो मक्याला परका म्हणणार नाही. माझं भांडण तुमच्याशी आहे.

आणि त्या भांडणाचं मूळ अमेरिकेत आहे, ते ऐका. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स यांनी १८८५ च्या सुमारास वाफेवर चालणारं लाह्या फोडण्याचं यंत्र बनवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. यंत्राला चाकं होती, त्यामुळे ते जत्रा, सर्कशी आणि खेळांच्या मैदानांपर्यंत गेलं. गेलं नाही ते फक्त थिएटरात. मूकपटांच्या काळातली मोठी अमेरिकी थिएटरं स्वतःला नाटकगृहांच्या तोडीची मानत. खाली गालिचे, वर झुंबरं. लाह्यांचा कचरा नको, चघळण्याचा आवाज नको. लोक मात्र बाहेरच्या फेरीवाल्याकडून पुडी घेऊन कोटात लपवून आत नेत, म्हणून कोटाबरोबर पॉपकॉर्नही दारात जमा करा अशा पाट्या लागल्या. मग १९२७ नंतर बोलपट आले, पडद्याचा आवाज वाढला, खाण्याचा दबला. पाठोपाठ १९२९ ची महामंदी आली. लोकांकडे पैसे उरले नाहीत, पण पाच-दहा सेंटांची लाह्यांची पुडी परवडत होती. ज्या थिएटरांनी फेरीवाल्याला दाराशी आणि मग आतल्या दालनात जागा दिली, त्यांना मंदीत तग धरायला त्या पुडीनं हात दिला. पुढं मालकांनी फेरीवाल्याला बाजूला सारून यंत्र स्वतःच लावलं. दुसऱ्या महायुद्धात साखर सैन्याकडे गेली, मिठाई दुर्मीळ झाली आणि अमेरिकेत पॉपकॉर्नचा खप आधीच्या तिप्पट झाला.

हे परत एकदा वाचा. तुमच्या काचेच्या पेटीतली वस्तू थिएटरात चोरून आलेली आहे. ती बाहेरचं खाणं म्हणूनच आत शिरली, गरिबाच्या कोटाच्या खिशातून. ती टिकली, कारण ती सगळ्यांत स्वस्त होती. त्या एकाच गुणावर ती सिनेमाची सोबतीण झाली. तुम्ही नेमका तोच गुण तिच्यातून काढून टाकलात आणि तशाच खिशातून दुसरी पुडी येऊ नये म्हणून दारावर पहारा बसवलात.

तुमचं गणित मात्र चोख आहे, ते मान्य करते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात लाहीचा मका दीडशे रुपये किलोच्या आसपास मिळतो. घरी शंभर ग्रॅम दाणे फोडले तर मोठं पातेलं काठोकाठ भरतं. पंधरा रुपयांचे दाणे. तेल, मीठ आणि गॅस धरला तरी वीस-बावीस रुपये. बाकी सगळी हवा, दाणा फुगून वाढलेली चाळीस पट हवा, आणि ती तुम्ही मापानं विकता. तुमची दरांची पायरीही मी पाहिली. लहान आणि मध्यम यांत साठ रुपयांचं अंतर, मध्यम आणि मोठा यांत फक्त तीस. लहान टब विकायला ठेवलेलाच नाही, तो मोठा टब स्वस्त वाटावा म्हणून ठेवला आहे. मध्यमचंही काम तेच. चार जणांचं कुटुंब आलं की वडील पाटीकडे बघतात, 'तीस रुपयांत एवढा मोठा' म्हणून मोठा टब घेतात, त्याबरोबर शीतपेयाचा कॉम्बो घेतात आणि तिकिटांहून मोठं बिल खिशात घालून अंधारात जाऊन बसतात. माझ्याच रांगेत अशा एका गृहस्थांनी बिल दोनदा उलगडून पाहिलं आणि बायकोला न दाखवता पाकिटात ठेवलं.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे, तीही मांडते. तिकिटाचा पैसा सगळा थिएटरचा नसतो. नव्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यात वस्तू आणि सेवा कर वगैरे वजा जाता साधारण निम्मा वाटा वितरकाकडे जातो, पुढच्या आठवड्यांत तो उतरत जातो. खाण्यापिण्यात मात्र वितरकाचा वाटा नाही. मॉलचं भाडं, वातानुकूलन, पगार, यंत्रं, हा सगळा भार मग टबावर येतो. देशातल्या सर्वांत मोठ्या थिएटर-साखळीनं २०२३-२४ साठी जाहीर केलेले आकडे आहेत: सरासरी तिकीट २५९ रुपये आणि प्रेक्षकामागे खाण्यापिण्याचा सरासरी खर्च १३२ रुपये. जे काही खात नाहीत तेही या सरासरीत धरलेले आहेत, म्हणजे जे खातात ते किती देतात याचा अंदाज करा. तुम्ही म्हणाल, टब महाग ठेवला म्हणून तिकीट आवाक्यात राहतं. पण मग तसं पाटीवर लिहा. 'तिकिटाची उरलेली किंमत इथे वसूल केली जाईल' अशी पाटी लावा आणि मग बघा कोल्हापूरकर तुमच्याकडे कोणत्या नजरेनं बघतो.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, हेही मला माहीत आहे. आपल्या राज्य सरकारनं २०१८ च्या पावसाळी अधिवेशनात बाहेरचे पदार्थ नेऊ देण्याबद्दल आश्वासन दिलं होतं, ते हवेत विरलं. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं ही बंदी उठवायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयात ३ जानेवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंहा यांच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला. थिएटर ही खासगी मालमत्ता, तिथं काय आणू द्यावं हे मालक ठरवू शकतो, आणि आतलं विकत घेण्याची सक्ती कुणावर नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याच वेळी हेही नोंदवलं, की स्वच्छ पिण्याचं पाणी सर्वांना फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आणलेलं खाणं अडवलं जाऊ नये. निकालाचा पहिला भाग तुमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागला आहे. दुसरा भाग मी शोधला. पाण्याचं यंत्र स्वच्छतागृहाच्या बोळात मिळालं, पेला नव्हता. काउंटरवर मात्र पाण्याच्या बाटल्या हाताशी मांडून ठेवल्या होत्या.

पॉपकॉर्नच का, बिस्किटं का नाहीत, याचंही एक कारण मला दिसतं. पाकीटबंद वस्तूवर छापील कमाल किंमत असते आणि १ जानेवारी २०१८ पासून एकाच पाकीटबंद मालाला दोन ठिकाणी दोन छापील किमती लावायला मनाई आहे. आमच्यासमोर भरलेल्या उघड्या टबावर कोणतीही किंमत छापलेली नसते. तिथं तुम्ही म्हणाल तो भाव. फुटलेला दाणा कायद्याच्या पाकिटात बसत नाही, म्हणून तो तुम्हाला इतका आवडतो.

वस्तू आणि सेवा कराचंही तेच. जैसलमेरला २१ डिसेंबर २०२४ रोजी जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली आणि पॉपकॉर्नवरच्या तेव्हाच्या कराचा खुलासा झाला: मीठ-मसाल्याचं सुटं असेल तर ५ टक्के, पाकीटबंद आणि छापील असेल तर १२ टक्के, साखरेचा पाक चढवलेलं कॅरॅमलचं असेल तर १८ टक्के. देशभर गदारोळ झाला. लाह्यांत साखर किती यावर मोठमोठी माणसं वाद घालत बसली. थिएटरातल्या खाण्यावर जुलै २०२३ च्या बैठकीपासून हॉटेलासारखा ५ टक्केच कर आहे. साडेतीनशे रुपयांच्या टबात त्या कराचे पुरते अठरा रुपयेही होत नाहीत. उरलेल्या सव्वातीनशेहून जास्त रुपयांबद्दल मात्र कुणी आवाज काढला नाही. त्या गदारोळात तुम्ही निवांत बसला असाल.

आता तुम्ही हे कोणत्या गावात करताय ते सांगते. सिनेमा आम्हाला कुणी मॉलमधून आणून दिलेला नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला पैशांचं पाठबळ दिलं. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा पेंटरांनी कॅमेरा इथंच घडवला आणि 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांसमोर आला. त्याच कंपनीत हात बसलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी इथं प्रभात काढली. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये याच गावातून निघाला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथं राहिला आणि कितीतरी घरांतली माणसं त्यात राबली. कुणी सेट ठोकले, कुणी फेटे बांधले, कुणी गर्दीत उभं राहून तलवार उपसली. माझ्या पिढीच्या आज्या-आजोबांनी सिनेमा बघितला तो कागदाच्या पुडीतले फुटाणे आणि खारे शेंगदाणे खात. मध्यंतरात बाहेरच्या गाड्यावर भडंग घ्यायचा आणि घंटा झाली की आत पळायचं. खाली सांडलेली टरफलं सकाळी झाडूवाला काढायचा, मालक कुरकुरायचा, पण कुणाच्या पिशवीत हात घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बाल्कनीतला शेठ आणि पिटातला हमाल, दोघांच्या हातात तेच शेंगदाणे असायचे. आज त्या काळातली बरीच थिएटरं बंद पडली आहेत. नवा मराठी सिनेमा बघायचा तर तुमच्याच दारात यावं लागतं आणि तुम्हाला तो नाइलाज पुरेपूर ठाऊक आहे. 'विकत घेण्याची सक्ती नाही' हे कायद्यानं खरं आहे. पण पाच वर्षांच्या पोराला त्या पिवळ्या दिव्यासमोरून, त्या वासातून हाताला धरून काहीही न घेता आत नेणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. आणि तुम्ही ती पेटी नेमकी दाराच्या वाटेवर मांडली आहे.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून. जोंधळ्याचे गोडवे गाणाऱ्या जाहिराती सगळीकडे होत्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. आमच्या जिल्ह्यात उसानं जोंधळ्याला मागं ढकललं, तरी जोंधळा-शाळू बाजारात येतो आणि भट्टीवर लाह्या फोडून देणारी माणसं अजून आहेत. त्या वर्षी तुमच्या काउंटरवर चीजचे, चॉकलेटचे, पेरीपेरी मसाल्याचे प्रकार आले. जोंधळ्याची एक लाही आली नाही. आईची पुडी आली, ती तुम्ही निळ्या टबात टाकलीत. चित्रपट संपल्यावर मी ती मागायला गेले तेव्हा पाळी बदलली होती आणि टब रिकामा होता.

आता मागणं ऐका. ते फार मोठं नाही. पन्नास रुपयांची पुडी ठेवा, कागदाची, एका माणसाला पुरेल एवढी. त्यातही तुमचे पैसे दुप्पट होतात, हिशेब वर दिलाच आहे. पाटीवर ज्या अक्षरांत किंमत लिहिता त्याच अक्षरांत टबातल्या लाह्यांचं वजन ग्रॅममध्ये लिहा. लहान, मध्यम, मोठा ही मापं तुमच्या सोयीची आहेत. ग्रॅम लिहिले की गिऱ्हाईक स्वतः भाव काढेल. पाण्याचं यंत्र बोळातून काढून काउंटरशेजारी आणा आणि पेले ठेवा. मधुमेही, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांच्या पिशवीतलं घरचं खाणं अडवू नका. न्यायालयानं बंदीचा हक्क तुम्हाला दिला आहे, तो वापरलाच पाहिजे असं सांगितलेलं नाही. आणि जोंधळ्याच्या लाह्या विकायला ठेवा. कोल्हापुरात बचत गटाच्या बायका कमी नाहीत. मीठ-हळद, कढीपत्ता आणि लसणाची फोडणी दिलेल्या लाह्या त्या तुम्हाला रोज ताज्या देतील. तुमच्या पेरीपेरीपेक्षा त्या जास्त खपतात की नाही, ते एका श्रावणात कळेल. त्या नाहीच खपल्या, तर मी लेखी माफी मागेन.

दारावरच्या त्या पोराला यातलं काही सांगू नका, तो आधीच खूप ऐकून घेतो. पत्राला छापील, गुळगुळीत उत्तरही पाठवू नका. दरपत्रक बदला. ते बदललं आहे का, हे बघायला मी येणारच आहे, कारण सिनेमा मी सोडणार नाही.

तिकीट काढून येणारी,
एक कोल्हापूरकर